निळ्या दगडाचं पाणी

तांक्रेदो उर्बाएस खाणीत उतरला तो आयुष्यात एकदाच. दोराला धरून दोन पुरुष खोल गेला असेल-नसेल, तोच "हवा, हवा" ओरडत वर आला. वर आल्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं की आपल्याला दमा आहे. हा दमा त्या दिवसाआधी कुणी पाहिला नव्हता आणि नंतरही कुणाला दिसला नाही. दुकानापुढच्या डॉमिनोच्या टेबलावर घसा फुटेस्तोवर भांडताना तर तो कधीच उसळला नाही. पण तेवढ्या एका सकाळच्या जोरावर हा गृहस्थ पुढे उभा जन्म 'खाणीतला माणूस' म्हणून मिरवला.

त्याची बायको इदेलीसा हे सगळं पाठमोरी बसून ऐकायची. ती खरोखरीच्या खाणवाल्याची मुलगी. बापाचं आयुष्य बाओरूकोच्या डोंगरात भोकं पाडण्यात गेलं आणि शेवटची वर्षं खोकण्यात गेली. तिचं दगड घासायचं चाक घराच्या मागच्या पडवीत होतं. डोंगरातून लारिमार या निळ्या दगडाचे ओबडधोबड गोटे यायचे; ती ते कापायची, पाण्याखाली घासायची, आणि त्यातून उथळ समुद्रासारखा तो निळा-पांढरा रंग वर यायचा. नाकातोंडावर फडकं, हात दिवसभर ओले, बोटांची टोकं सुरकुतलेली, चपलांवर फिक्या निळ्या चिखलाचा थर. संध्याकाळी केस झटकले तरी धूळ उडायची. पुढच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली ट्रे मांडून बसण्याचं काम तांक्रेदोचं. ते काम त्याच्या दम्याला मानवलं.

पहिली थाप अगदी लहान होती. बाराओना शहराकडून आलेल्या बसमधून एक गोरी बाई उतरली, ट्रेमधला लोलक उचलून म्हणाली, "हा दगड कशासाठी चांगला?"

चाकावरून इदेलीसा उत्तर देणारच होती की गळ्यात घालण्यासाठी. पण तांक्रेदोनं टोपी काढून छातीशी धरली आणि हळू आवाजात सांगितलं, "मन शांत करतो, सिन्योरा."

बाईनं लोलक घेतला. मैत्रिणीसाठी आणखी एक घेतला. बस गेल्यावर इदेलीसा बाहेर आली.

"मन शांत करतो?"

"करतो की."

"या घरात ढिगानं पडलेत हे दगड. माझं मन शांत झालेलं दिसतंय का तुला?"

"तुझा विश्वास नाही ना, म्हणून," तांक्रेदो म्हणाला, आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

पुढच्या हंगामात मन शांत करण्यावर भागेना. समुद्रात बुडालेलं एक शहर निघालं. त्या शहराला राणी होती, राणीचा प्रियकर होता, प्रियकर बुडाला, राणी रडली, अश्रूंचे दगड झाले. तसं गावातल्या म्हाताऱ्यांनाही पूर्वी वाटायचंच की हे निळे खडे समुद्रातून येतात, कारण ते वाळूत सापडायचे. नदी ते डोंगरातून वाहून आणते हे नंतर कळलं. पण त्या बिचाऱ्यांनी गोष्ट समुद्रापाशीच थांबवली होती, राणी बसवली नव्हती. तांक्रेदोची राणी पुढच्या वर्षी पुजारीण झाली, त्याच्या पुढच्या वर्षी तिला डॉल्फिन भेटायला येऊ लागले. मग तांक्रेदोनं पांढरे सुती कपडे शिवून घेतले आणि फाटकावर 'मायेस्त्रो', म्हणजे गुरुजी, अशी पाटी लावली. ते पांढरे कपडे धुवायला पुजारीण काही यायची नाही.

मासे साफ करायचं इदेलीसाचं लांब टेबल त्यानं झाडाखाली नेलं, वर चादर पसरली आणि माणसांना त्यावर निजवून कपाळावर, छातीवर, तळहातांवर दगड ठेवू लागला. ऊन वाढलं की लाकडातून जुना वास उठायचा. एका बाईनं नाक आक्रसून विचारलं तेव्हा मायेस्त्रो डोळे मिटून म्हणाले, "समुद्र तुमच्याशी बोलतोय."

"बोनितो मासा बोलतोय," आतून इदेलीसा म्हणाली. बाईला मायेस्त्रोंचं मोडकंतोडकं इंग्रजी कळायचं, स्पॅनिश येत नव्हतं, हे तांक्रेदोचं नशीब.

तिला गावाचंही काही कौतुक नव्हतं. गावात बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवसाच्या आत मनगटावर काळ्या आसाबाचेचा मणी बांधायचा, दृष्ट लागू नये म्हणून. तिच्या मुलीला सासूनं बांधला होता. खरा आसाबाचे म्हणजे लाकडाचाच काळा दगड झालेला, हलका, हाताला ऊबदार. बाजारातले निम्मे मणी मात्र प्लास्टिकचे असतात हे इदेलीसाला हातात घेताच कळायचं. दृष्ट मात्र दोन्हींनी सारखीच टळायची. ती हे आयांना सांगायची आणि आया तिच्यापासून बाळ लपवायच्या.

तिच्याशी हसूनखेळून बोलणारा माणूस एकच, शेजारचा लिब्रादो कुएवास. तो होडीवर जायचा आणि आपल्या खटारा पिकअपमधून बर्फात घातलेली मासळी बाराओनाला न्यायचा. इदेलीसाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिलेला, तेव्हापासून तिला कोमाद्रे म्हणायचा.

"कोमाद्रे, मीही एक खडा खिशात ठेवतो समुद्रावर जाताना. काही असेलही त्यात."

"असेल ना. वजन आहे. खिशाला भोक पडेल."

एक गोष्ट मात्र ती लिब्रादोपाशीही बोलायची नाही. थापांवर घर चाललं होतं, आणि तिनं चाक कधी थांबवलं नव्हतं. नवरा लबाड आहे, आळशी आहे, गोडबोल्या आहे, हे तिनं केव्हाच स्वीकारलं होतं. लबाड माणसाला निदान आपण काय करतो ते माहीत असतं. मनातल्या मनात त्याला रोज नावं ठेवायची आणि त्याच्यापुढे उकडून कुस्करलेल्या केळ्यांचं वाफाळतं मांगू वाढायचं, असं तिचं बस्तान बसलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बस आली, दोघीतिघींना निजवून-उठवून झालं, बस गेली. इदेलीसा चुलीपाशी सालामी तळत होती. दोन हाका मारूनही तांक्रेदो आला नाही. ती झारा हातात घेऊन बाहेर आली तर हा त्याच टेबलावर उताणा पडलेला.

"ऊठ, बस गेली. आता कुणासाठी मेलायस?"

तो उठला नाही. जवळ गेली तेव्हा दिसलं की पांढरा सदरा घामानं चिकटलाय आणि तोंडाचा रंग राखेसारखा झालाय. कपाळावर एक दगड, छातीवर तीन. पाचवा तो डाव्या तळहातावर ठेवू बघत होता, पण बोटं थरथरत होती आणि दगड घरंगळत होता. तो पुन्हा उचलायचा, पुन्हा नेमका मध्यावर ठेवायचा.

"डावा हात दुखतोय," तो म्हणाला. "थोडं थांब. ओढून घेतोय दगड. उतरेल."

इदेलीसानं आजूबाजूला नजर फिरवली. अंगणात चिटपाखरू नव्हतं. टोपी छातीशी धरायला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. हा माणूस कुणालाही फसवत नव्हता. तो उपचार करत होता.

इतकी वर्षं आपण एका लबाडाबरोबर संसार केला असं ती समजत होती, आणि हा निघाला भाबडा. कधीतरी, कुठल्यातरी राणीच्या आणि पुजारिणीच्या मधे, त्याचा स्वतःच्याच थापेवर विश्वास बसला होता आणि तिला पत्ता लागला नव्हता. तिला त्याची दया यायच्या आधी प्रचंड संताप आला.

"मूर्खा!" ती ओरडली. झाऱ्याच्या एका फटक्यात तिनं छातीवरचे दगड खाली उडवले. "लिब्रादो! लिब्रादो, गाडी काढ!"

दोघांनी मिळून त्याला पिकअपच्या मागच्या बाजूला, मासळीच्या पेट्यांमध्ये आडवा केला. पुढे बसवावा तर पुढच्या सीटचं दार उघडत नव्हतं. इदेलीसा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. समुद्राकाठचा तो रस्ता चढ-उतारांचा. प्रत्येक वळणाला बर्फाचं पाणी एका कडेहून दुसऱ्या कडेला जायचं.

तांक्रेदोनं डोळे किलकिले केले. "बर्फावर घातलंस मला?"

"टिकावास म्हणून."

"माझे दगड..."

"तोंड मिट."

त्याच्या डाव्या मुठीत एक खडा राहिलाच होता. तिनं बोटं उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग ती मूठ तिनं तशीच आपल्या हातात धरून ठेवली, बाराओना येईपर्यंत.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, पोनीटेल बांधलेली. हृदयाचा झटका आहे, वेळेत आणलंत, असं म्हणाली. मग विचारलं, "याआधी दुखत होतं का? काही औषध घेतलं?"

"दगड," इदेलीसा म्हणाली.

"काय?"

"दगड घेतले. अंगावर ठेवले. महिनाभर दुखत असणार, बोलला नाही."

"आणि घरात कुणी त्याला सांगितलं नाही, की दगडानं काही होत नसतं?"

इदेलीसानं आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघितलं. ते सगळे दगड तिनंच गुळगुळीत करून दिले होते.

तांक्रेदो वाचला. उठून बसता येताच त्यानं वॉर्डात सांगायला सुरुवात केली की मुठीतल्या खड्यानं हृदय धरून ठेवलं, म्हणून इथवर पोचलो. पलीकडच्या खाटेवरच्या, पाय मोडलेल्या माणसानं विचारलं की हाडांवरही चालतो का. इदेलीसा सूपचा डबा घेऊन बसली होती. तिनं डबा उघडला आणि चमचा त्याच्या तोंडात घातला. तेवढा वेळ तरी गप्प बसेल, एवढीच अपेक्षा.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, रोज सकाळी, न चुकता, जन्मभर. मायेस्त्रोंना ते पटेना. गोळ्यांमुळे दगडाची शक्ती मरते असं त्यांचं म्हणणं पडलं. तो गोळी जिभेखाली धरायचा आणि अंगणात जाऊन बदामाच्या मुळाशी थुंकायचा. इदेलीसानं शिव्या घातल्या. लिब्रादोनं हात जोडले. राजधानीत नोकरीला असलेली मुलगी फोनवर रडली. तांक्रेदो सगळ्यांकडे बघून क्षमाशील हसायचा. त्या हसण्यासाठी इदेलीसाला त्याला पुन्हा झाऱ्यानं मारावंसं वाटायचं.

एका सकाळी तो चप्पल घालत होता आणि पाऊल चपलेत जाईना. पाय सुजले होते. इदेलीसानं ते पाहिलं. ती आत गेली, पाण्याच्या ग्लासात ट्रेमधला एक निळा खडा टाकला, आणि ग्लास व गोळी घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"माझी आजी काय करायची माहितीय?"

"कुठली आजी?"

"बापाची आई. तिला या दगडाची माहिती होती. खडा रात्रभर पाण्यात ठेवायचा. सकाळी ते पाणी प्यायचं. नुसतं प्यायलं तर हृदयाला जड होतं, म्हणून त्याच्याबरोबर कडू काहीतरी गिळावं लागतं. तेव्हा मुळी असायची. आता गोळी."

तिची आजी तिकडे कोरड्या माळावर शेळ्या राखायची. डोंगरातून हा दगड निघू लागायच्या आधीच ती वारली होती. तिनं जन्मात एकही निळा खडा पाहिला नव्हता.

तांक्रेदो ग्लासाकडे बघत राहिला. "एवढ्या वर्षांत हे बोलली नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी? राण्यांमधून सवड मिळाली तर ना."

"आणि गोळी नाही घेतली तर?"

"पाणी उलटतं."

"उलटतं म्हणजे?"

"म्हणजे उलटतं. आजीनं एवढंच सांगितलं होतं."

त्यानं डोळे मिटले, टोपी काढून मांडीवर ठेवली, गोळी जिभेवर घेतली आणि पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मग तिच्याकडे अशा काही आदरानं बघितलं की तशी नजर तिला लग्नातही मिळाली नव्हती. इदेलीसा उठून चाकापाशी गेली.  थाप मारणं इतकं सोपं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. एवढ्या सोप्या कामासाठी या माणसाला पांढरे कपडे लागत होते!

सूज उतरली. तांक्रेदो रोज पहाटे ग्लास घेऊन हजर राहू लागला. आणि अर्थात त्याच्या पोटात ही गोष्ट राहिली नाही. महिन्याभरात बसमधल्या बायका राणी सोडून आजीबद्दल विचारू लागल्या. चाकामागे बसून इदेलीसाला कळत गेलं की तिची आजी आंधळी होती, दगडाचा रंग बोटांनी ओळखायची, आणि तिचे पांढरे केस घोट्यापर्यंत पोचायचे. शेळ्यांचं नाव कुठे नव्हतं.

बसवाल्या बायकांचं तिला काही वाटलं नाही. पण मग गावातल्या बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. पहिली आली तिची साखर वाढलेली होती आणि दवाखान्यात जायचा कंटाळा होता. आजीचं पाणी मिळालं की काम भागेल असा तिचा हिशोब. इदेलीसानं चाक थांबवलं.

"गोळ्या कुठायत तुझ्या?"

"गोळ्या कशाला? पाण्यासाठी आलेय मी."

"गोळीशिवाय पाणी उलटतं. आधी दवाखान्यात जा, चिठ्ठी घे, गोळ्या आण, मला दाखव. मग बाटली भरते."

बाई कुरकुरत गेली आणि चार दिवसांनी खरोखर गोळ्या घेऊन आली. तिनं बाकीच्यांना सांगितलं. आता रविवारी चर्चमधली मिसा सुटली की पडवीत रांग लागते. इदेलीसा फडकं नाकाखाली ओढून प्रत्येकीचं पाकीट तपासते, कुणी जुनं रिकामं पाकीट आणलं तर हाकलून देते, आणि नळाचं पाणी खडे घातलेल्या घागरीतून भरून देते. पैसे घेत नाही. तांक्रेदोला ते बरं वाटत नाही, पण आजीच्या नियमापुढे त्याचं चालत नाही.

लिब्रादोला खरी गोष्ट माहीत आहे. तो पिकअपला टेकून उभा राहतो आणि मजा बघतो. "कोमाद्रे, पाटीवर आता तुझं नाव घालूया का?"

"मासे विक जा."

परवा रांगेतल्या एका तरुण मुलीनं, आपल्या आईसाठी बाटली धरून उभी असताना, फार भक्तिभावानं विचारलं, "दोन्या इदेलीसा, तुमच्या आजीचं नाव काय होतं? प्रार्थनेत घ्यायचं होतं."

इदेलीसानं बाटलीचं बूच घट्ट लावलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "तांक्रेदोनं अजून ठेवलेलं नाही."