समासातली सही

आमच्या बेळगावच्या लॉ कॉलेजचं संशोधनाचं नियतकालिक आम्ही विद्यार्थीच काढायचो. मी त्याची शेवटची संपादक, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम यंदा माझ्याच गळ्यात पडलं. आधी मी हरखले होते. आता त्याचं नाव काढलं की जीव नकोसा होतो.

आमची एक रीत होती. छपाईआधी प्रत्येक तळटीप दोघींनी मिळून तपासायची. एकीनं मूळ निकालपत्र मोठ्यानं वाचायचं, अगदी स्वल्पविरामासकट. दुसरीनं कच्च्या प्रतीवर बोट फिरवायचं आणि जुळलं की समासात पेन्सिलीनं सही करायची. माझी जोडीदारीण उचगावची. तिनं स्वतः एकही लेख लिहिला नाही, पण दुसऱ्याची चूक सोडायची नाही. समासात मला टोमणेही लिहायची, ‘झोपलीस काय गं?’ मी लई चिडायचे. शेवटच्या वर्षी काविळीनं ती आठ दिवसांत गेली.

पुढं कॉलेजनं सगळे अंक संगणकावर चढवायला सांगितले. छापील अंक पुरे मिळेनात, म्हणून कपाटातल्या त्या तपासलेल्या प्रतीच मी उसवून स्कॅन केल्या. पान नीटनेटकं दिसावं म्हणून समास छाटले, पेन्सिलीची एकेक रेघ पुसली. संपादकाची खोड, दुसरं काय! कपाळ माझं! मूळ कागद मीच रद्दीत दिले.

इतिहासाचा अंक निघतोय हे कळल्यावर तिचे वडील कॉलेजात आले.

"तिच्या वह्या गावातल्या पोरींना वाटल्या," ते म्हणाले. "आता घरात तिचं अक्षर न्हाय कुठं. हितं असंल म्हणून आलतो."

मी स्कॅनवरून काढलेली पानं पुढं ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. "आप्पा, मीच पुसलं हो." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पहिलं पान जवळ ओढलं.

"सही कुठं करायची ती?"

मी कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. त्यांनी तिथं अंगठा फिरवला, पान उलटलं.

"आणि हितं?"

"इथं."

असं करत शेवटच्या पानापर्यंत आलो. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ह्या पानावर तुला काय लिवलं हुतं गं तिनं?"

मला आठवेना.