पालथा मोबाईल

बोलायला तोंड उघडण्याआधी ती हातातला मोबाईल टेबलावर पालथा घालायची. विषय कोणताही असो, चहात साखर कमी आहे एवढंच सांगायचं असलं तरी. आधी मोबाईल पालथा, त्यावर रुमाल, मग बोलणं. मी एकदा चेष्टेनं विचारलं, की ताई, ह्याला कान आहेत का?

ती म्हणाली, "कान नही, भाऊ. तोंड शे त्याले."

आमचं ऑफिस म्हणजे नंदुरबारला मिरचीच्या गोदामावरची एक खोली. हंगामात खाली मिरची उतरली की वर आम्ही शिंकत बसायचो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे साथ आली आहे. गोदाम ज्यांचं, त्या मारवाडी शेठजींचा मुलगा माझा भागीदार. पैसा त्याचा आणि डोकं माझं, असा निदान माझा समज होता. मोबाईलवर मराठीत टिपणं लिहून ठेवायचं एक अ‍ॅप आम्ही बनवत होतो, आणि त्यात कुठे काय मोडतं ते शोधायचं काम ती करायची. शहाद्याला बी.सी.ए. झालेली, जवळच्या कोरीट गावातल्या एका बागायतदार घरात सून म्हणून आलेली. आठवड्यातून एकदा ऑफिसला यायची, एरवी घरून काम.

घरून म्हणजे ओसरीतून. त्या अख्ख्या घरात रेंज यायची ती ओसरीच्या एका खांबापाशी. तिथे ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे, आणि शेतात जाणारा, शेतातून येणारा, पाणी मागणारा, सगळं घर तिच्यासमोरून जाई. घर वाईट नव्हतं. सासू मायाळू, सासरे आप्पा शब्दाचे पक्के, नवरा चांगला, फक्त आप्पांच्या शब्दाबाहेर न जाणारा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुठेही गेली तरी आधी दार कुठे आहे ते बघून बसतात. ही तशी होती. कोणतीही नवी सोय आम्ही कौतुकानं दाखवली, की मोबाईल पालथा घालून तिचा ठरलेला प्रश्न यायचा. "पन ते उघडी कोना हातमा, भाऊ?" म्हणजे, ते उघडणार कुणाच्या हातात?

हा प्रश्न आम्हाला खरा कळला तो क्लाउडच्या वेळी. एका मोबाईलवर लिहिलेलं दुसऱ्यावरही दिसावं, मोबाईल हरवला तरी टिपणं हरवू नयेत, एवढीच लोकांची मागणी. त्यासाठी टिपणं क्लाउडवर, म्हणजे लांबच्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर, ठेवावी लागतात. आमच्यापुढे दोन सेवा होत्या. पहिली फुकट. मोबाईलमध्ये जे ईमेलचं खातं आधीच असतं, त्याच खात्यावर सगळं आपोआप जायचं, वापरणाऱ्याला काही आठवावं लागत नव्हतं. दुसरीला दरमहा भाडं. तिथे प्रत्येकानं आपलं वेगळं नाव आणि पासवर्ड ठेवायचा. टिपणं अशी कुलूपबंद, की ती आम्हालाही उघडता येणार नाहीत. पण पासवर्ड विसरला की सारं गेलं, परत मिळणं नाही. भागीदाराचं म्हणणं सरळ होतं, फुकट मिळतंय ते सोडून विकत कशाला घ्यायचं? मलाही त्यात खोट दिसत नव्हती. पहिलीच घ्यायची असं ठरवून मी तिला तपासायला दिली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गावात मोबाईल घेतला की त्यातलं खातं दुकानदारच काढून देतो. कोरीटच्या त्या घरात पहिला मोबाईल आप्पांचा आला. पुढे घरात जेवढे आले त्या सगळ्यांत दुकानदारानं आप्पांचंच खातं टाकलं. घर एकच ना, मग खातंही एकच, असा त्याचा हिशोब, आणि घरालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यामुळे दिरानं काढलेले मिरचीच्या रोगट पानांचे फोटो हिच्या मोबाईलवर यायचे आणि हिनं पाहून ठेवलेली साडी आप्पांच्या. आप्पांच्या गोळीची आठवण सकाळी सगळ्या मोबाईलवर एकदम वाजायची, आणि स्वयंपाकघर, गोठा, माडी सगळीकडून त्यांना हाका जायच्या. हे ती सांगायची तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो, तीही हसायची.

तपासताना लोक काहीबाही लिहितात. मी "अ अ अ" लिहितो. ती मात्र पूर्ण वाक्यं लिहायची. कळण्याच्या भाकरीचं पीठ किती, पपईला व्यापारी कधी येणार, असं काहीही. त्या दिवशी तिनं लिहिलं होतं, "नाशिकला खोली बघितली आहे. खिडकी पूर्वेला आहे. आधी गादी घ्यायची, मग टेबल. पडदा नंतर."

सुनेचं काम म्हणून आमचं अ‍ॅप आप्पांनीही कौतुकानं घेतलं होतं. ते टिपण पपईच्या शेतात उभ्या असलेल्या आप्पांच्या मोबाईलवर उघडलं. दुपारी ते घरी आले, हातपाय धुतले आणि खांबापाशी येऊन एवढंच म्हणाले, "कोठे चालनी तू, माय?"

"ते टेस्टिंगनं शे, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी मान हलवली आणि विषय संपला. पुढच्या आठवड्यात ऑफिसला येऊन तिनंच हे सगळं हसत सांगितलं, आप्पांचा चेहरा करून दाखवला. आम्हीही हसलो. ती गेल्यावर तपासणीच्या नोंदीतलं ते टिपण मी पुन्हा वाचलं, आणि माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. तपासणीसाठी कुणी पडदा नंतर घ्यायचा असं लिहीत नाही. एरवी एवढी जपणारी ती, लिहिण्याच्या भरात खातं घरचं आहे हेच विसरली असणार. नाशिकच्या एका कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं आहे आणि घरात ती गोष्ट तिनं अजून काढलेलीच नाही, हे मला पुढे तिच्याकडूनच कळलं. ते कळल्यावर मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

ओरडा झाला नाही, कुणी दार लावलं नाही. पण त्यानंतर सासूबाई मिरचीचे देठ खुडायला परसातून ओसरीत येऊन बसू लागल्या, अगदी खांबाशेजारी. नंदुरबारला यायचं म्हटलं की कधी गाडी मोकळी नसे, कधी सोबत नसे. तिचं ऑफिसला येणं बंद झालं. घर प्रेमानंच तिच्याभोवती सरकत होतं, त्यामुळे तिला कुणावर रागावताही येत नव्हतं.

क्लाउडचं ठरवायला आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. ती खांबापाशी, मागे सासूबाई आणि मिरचीचा ढीग. आमच्याशी कायम अहिराणीत बोलणारी ती त्या दिवशी शुद्ध ऑफिसचं मराठी बोलायला लागली. माझ्या उशिरा लक्षात आलं, की ते बोलणं सुरू झालं म्हणजे कामाचं चाललंय, असं समजून सासूबाई कान काढून घेतात. आपली बाजू तिनं एका वापरणाऱ्या बाईच्या नावावर मांडली. ह्या बाईला स्वतःचं खातं नाही, स्वतःची खोली नाही, लिहायला म्हणून फक्त आपलं अ‍ॅप आहे, असं सांगितलं. भागीदार म्हणाला, की ती बाई पासवर्ड विसरली तर रडत आपल्याकडेच येईल.

ती मला पहिल्यांदाच सर म्हणाली. "तिचं हरवलं तर हरवू द्या, सर. पण तिनं लिहिलेलं तिच्याच हातात उघडलं पाहिजे."

मी भाड्याची सेवा घेतली. भागीदार पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होता.

कापूस वेचणीच्या दिवसांत आप्पांचा फोन आला. "घरमा काम भलतं शे, भाऊ. तिले आते जमाव नही." लॅपटॉप परत द्यायला ते स्वतः आले, सोबत पपयांची गोणी. चहा घेतला, खालच्या मिरचीचा भाव विचारला. जिना उतरताना थांबून म्हणाले, "हुशार शे आमनी सून." त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. मी लॅपटॉप उघडून पाहिला, तर तो आतून पुसून स्वच्छ केलेला होता.

आता त्या सेवेनं भाडं वाढवलंय. भागीदार रोज म्हणतो, की फुकटवाल्याकडे जाऊ. मी त्याला सांगतो, की कुलूप आपल्याला उघडत नाही, तर सामान हलवणार कसं? ज्यानं त्यानं आपला पासवर्ड घालून आपलं आपण न्यावं लागेल, आणि ते पुन्हा त्याच घरच्या खात्यात जाऊन पडेल. "म्हणजे आपण अडकलो," तो म्हणतो. मी हो म्हणतो.

तिचं खातं तिथे अजून आहे. काय लिहिते ते मला दिसत नाही, आणि दिसू नये. सेवेच्या यादीत खात्यापुढे लिहिल्याची खूण तेवढी दिसते. दुपारी, जेवणं आटोपून घर आडवं होतं त्या सुमाराला, एक हिरवी खूण येते. शेजारी त्या खात्याला किती मोबाईल जोडलेत तो आकडा असतो. हे लिहिलेलं दुसऱ्या मोबाईलवर उघडावं म्हणून तर आम्ही एवढी उठाठेव केली. निघेल तेव्हा घरच्या खात्याचा मोबाईल ती घरीच ठेवील; तिचा नवा मोबाईल जोडला गेला, की ती निघाली असं मी मनाशी धरलं आहे.

मी रोज दुपारी तो आकडा बघतो. अजून एकच आहे.