बांधावरचं गाणं

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरी, का कोण जाणे, मधूनच उठून जाणार नाही असं वाटतं.

ऑकलंडच्या आपल्या मराठी कार्यक्रमांत एक गाणं म्हणतात. शेतातल्या दोघांचं, जरा चावट. तो विचारतो — ‘रान तुझं भिजलं सारं, बांध ओलांडू का?’ ती म्हणते — ‘ओलांडा की धनी, हितं राखण हाय कुणाची?’ ढोलकी थांबते, शिट्ट्या वाजतात, बायका एकमेकींना कोपर मारून हसतात. आणि मग कुणीतरी मला हटकून विचारतं, “मीनल, तू पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली. तुला हे असलं गावरान सुचलं कसं?”

मी हसते. सुचलं — किती सोयीचा शब्द आहे, नाही?

२०१३ साली मी न्यूझीलंडला, हॅमिल्टनमध्ये फार्मासिस्ट म्हणून आले. शैला माझी कॉलेजातली मैत्रीण. तिनेच म्हटलं, वेगळं घर कशाला शोधतेस, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. गावाबाहेरचं जुनं लाकडी घर, मागे गायींचं कुरण. तिचा नवरा मिलिंद दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर. मूळचा साताऱ्याकडच्या खेड्यातला, पण चारचौघांत अगदी मोजकं, स्वच्छ बोलायचा. रात्रपाळी करून सकाळी यायचा. तेव्हा बाहेर वायकाटो नदीवरचं धुकं असायचं — इतकं दाट, की गायी दिसत नसत. नुसतं त्यांचं खोकणं ऐकू यायचं. अगदी माणसासारखं.

आणि त्या दोघांची खोली माझ्या खोलीला लागून होती.

भिंत पातळ होती. एवढं सांगून थांबता आलं असतं मला. पण पातळ भिंतीतून नुसता आवाज येतो हो. शब्द कळायला पलंग सरकवावा लागतो, कान लावावा लागतो.

मी पलंग सरकवला होता.

त्या खोलीत मिलिंद गावाकडचं बोलायचा. तिच्या अंगाला रान म्हणायचा, पाठीच्या पन्हळीला पाट, कमरेच्या वळणाला बांध. आणि शैला — एरवी त्याला ‘ए मिल्या’ म्हणणारी शैला — त्याला धनी म्हणायची. गंमत म्हणून. आणि गंमत म्हणून नाही. मला मिलिंद हवा होता का? नाही. बहुतेक नाही. पण माझ्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि त्या सकाळी मी श्वास रोखून बसायचे. मग नाश्त्याला त्यांच्याबरोबर टोस्ट खायचे. शैला मला चहात साखर घालून द्यायची.

दोन वर्षांनी, अशाच एका धुक्यात, कामावरून येताना मिलिंदची गाडी दुधाच्या टँकरवर आदळली.

मी तिथेच राहिले. तिला सोबत म्हणून, असं सगळे म्हणायचे. भिंतीपलीकडे आता काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी कुणीतरी म्हणालं, एक ठसकेबाज गावरान गाणं कर ना. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले. यमकं जुळवली, मात्रा मोजल्या, चाल लावली. तेवढंच माझं. बाकी सगळं त्या खोलीतलं. शैला कार्यक्रमाला येणार नाही, याची मला खात्री होती. ती कुठेच जायची नाही तेव्हा.

ती आली. मागच्या खुर्चीवर बसली. परतताना माझ्याच गाडीत बसली. घरासमोर मी इंजिन बंद केलं, तेव्हा म्हणाली,

“हे तुला कुणी सांगितलं?”

मी किल्ली काढली.

“हे फक्त त्याला माहीत होतं. त्याला आणि मला.” मग अगदी हळू — “तो आला होता का गं तुझ्याकडे? स्वप्नात?”

बघा, किती सोपं करून दिलं तिने. मी म्हटलं, “हो.”

ती रडली नाही. एवढंच विचारलं, “मग तुझ्याकडे का? माझ्याकडे का नाही आला?” आणि मला क्षणभर बरं वाटलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. जणू तो खरंच आला होता.

तिचा भाऊ तिला कायमचं पुण्याला न्यायला येणार होता. बॅगा भरून झाल्या होत्या. तिने त्याला नको म्हणून कळवलं. “मी गेले आणि तो इथे आला तर?” सकाळी धुकं पडलं की ती मागचं दार सताड उघडं ठेवायला लागली. घर गारठून जायचं. मी कामावर निघाले की दारात उभी राहून विचारायची, “काही म्हणाला?” आणि मी सांगायचे. उरलेल्या ओळी एकेक करून दिल्या तिला. गाण्याला कडवी वाढत गेली. लोकांना ती फार आवडली.

मग ओळी संपल्या. तेव्हा मी माझ्या मनाने एक रचली — गुडघ्यामागच्या लवणीत हुरड्याच्या आगटीचा चटका, आणि त्यावर त्याची फुंकर. निव्वळ कल्पना. शैला ऐकत राहिली. मग तिने सलवार वर केली आणि पाठमोरी झाली. गुडघ्यामागे एक लहानसा, चकचकीत डाग होता.

“लग्नानंतरचा पहिला हुरडा,” ती म्हणाली. “फुंकर घालत बसला होता वेडा.”

तो डाग मी कधी पाहिला होता का? भिंतीतून कधी ऐकलं होतं का? किती आठवून पाहिलं. नाही. मला तरी नाही आठवत. त्यानंतर मी त्या घरात फार दिवस राहू शकले नाही. ऑकलंडला नोकरी बघितली आणि निघाले.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मोठी खोली तिने एका नव्या जोडप्याला भाड्याने दिली होती आणि स्वतः माझ्या खोलीत राहायला गेली होती.

“मीनल, इथे सगळं ऐकू येतं गं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू तेव्हा ऐकायचीस का?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने दार उघडून धरलं होतं — मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं, आणि ती कदाचित सुटली असती. त्या घरातून, त्या धुक्यातून.

मी म्हटलं, “छे गं. मी तर इअरफोन घालून झोपायचे.”

 मग ती हसली. इतकी मोकळी, की मिलिंद गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलंच नव्हतं.

“म्हणजे तोच होता,” ती म्हणाली. “बघ, उगाच शंका घेतली मी.”

शैला अजून त्याच घरात आहे. भावाने बोलावणं सोडून दिलंय. कार्यक्रमात गाणं संपतं, निवेदक माझं नाव घेतो, आणि मी जागेवरून उठून सगळ्यांना नमस्कार करते.