मध्याने मागितलेलं पान

"भावजी, हे गेले," एवढंच वहिनी फोनवर बोलल्या. सकाळचे साडेसात वाजले होते. मी विचारलं, "कुठे गेले?" इतका मी बावळट! मला वाटलं, गेला असेल टावर चौकात पोहे खायला. महिना उलटला तरी त्या प्रश्नाची लाज वाटते. मध्या असता तर आठ दिवस हसला असता आणि आमच्या सगळ्या फ्रीगंज मोहल्ल्याला सांगत फिरला असता...

मधुकर आणि मी एकाच बँकेत, शेजारशेजारच्या टेबलांवर. उज्जैनला केबल नुकतीच आली होती, घरोघरी परदेशी पहिलवान गर्जना करत होते आणि दुकानांत त्यांचे फोटो आणि वजन-छातीचे आकडे छापलेली ट्रम्प कार्डं लटकत होती. ती घ्यायची पोरांनी, तर रांगेत हा चाळिशीतला बाप्या उभा! मी म्हटलं, "लाज नाही वाटत रे?" तर म्हणतो, "अरे यार, मोठ्यांनी काय फक्त डायबिटीसच करून घ्यायचा?" पुढच्या रविवारी त्यानं मलाही खेळायला बसवलं. बरोबर आमचे संस्कृतचे जोशी सर आणि मेडिकलवाले जैन साहेब. प्रत्येकाची पानं आपापली. ज्याची पाळी त्यानं "वजन!" किंवा "छाती!" असं ओरडायचं, सगळ्यांनी वरचं पान उघडायचं, ज्याचा आकडा मोठा त्यानं सगळी पानं उचलायची. जोशी सर "छाती!" असे ओरडले की शेजारचे खिडकीत यायचे. कुणाची पानं संपली की जिंकणाऱ्यानं त्याला दोन परत द्यायची, हा मध्याचा घरचा नियम. "घरी आलेला माणूस नुसता बसून राहील? बिलकुल नहीं!"

पण त्याचा खरा जीव अडकायचा अदलाबदलीत. तुमच्याकडचं एखादं पान त्याला हवं असलं की तो रविवारी सकाळी घरी येणार, चहा घेणार, जगभरच्या गप्पा मारणार आणि उठता उठता म्हणणार, "ते पान देतोस का?" त्याला काही पानं मिळतच नव्हती. त्याच्या वाढदिवसाला मी मोठ्या प्रेमानं इंदूरहून अख्खा सीलबंद जोड आणला, एकही पान कमी नाही. मध्यानं तो उघडला, पानं चाळली आणि त्याचं तोंड उतरलं. "सगळीच पानं आली रे... आता मागायचं काय, आणि कुणाकडे?"

मी भडकलो. एवढे बसचे धक्के खाऊन आणला त्याचं हे! म्हटलं, "जा मग, बस एकटा घेऊन." आणि खरंच, त्यानंतरचे तीन रविवार मध्या आलाच नाही. बँकेतही आमचं बोलणं कामापुरतं. वरून मी ताठ, पण रविवारी सकाळी कान दाराकडे. एका पानांच्या जोडापायी हा माणूस मी गमावतो की काय, अशी धास्तीच घेतली होती मी. चौथ्या रविवारी दारात हजर! म्हणाला, "सगळी वाटून आलो. जोशींना, जैन साहेबांना, देवास गेटच्या चहावाल्यालासुद्धा. हे तुझं." सगळ्यात वजनदार पहिलवान त्यानं माझ्यासाठी राखला होता. "मी मागायला येईन. पण लगेच दिलंस ना अरुण्या, तर तुझ्याशी बोलणार नाही."

मग काय, तो मागत राहिला आणि मी नाही म्हणत राहिलो. आम्ही दोघं निवृत्त झालो, जोशी सर मुलाकडे गेले, ती पानं दुकानांतून कधीच नाहीशी झाली, पण रविवार चुकला नाही. वहिनी वैतागायच्या, "आता तरी हा पोरखेळ सोडा हो!"

दिवाळीनंतर मध्या अंथरुणाला खिळला. मला राहवेना. एक दिवस ते पान घेऊन गेलो, त्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, "घे बाबा, घे एकदाचं." केवढा चिडला! "मला घालवायची घाई झाली का रे? ठेव खिशात. बरा झालो की येतो." मी जिन्यात येऊन रडलो.

तेराव्याला मी ते पान त्याच्या फोटोपुढे ठेवलं. वहिनींनी ते उचलून माझ्या हातात परत दिलं. मला वाटलं, चला, संपलं आता सगळं.

गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात वहिनी. रिक्षानं एकट्याच आल्या होत्या. बसल्या, चहा घेतला, नळाला पाणी येत नाही म्हणून नगर निगमला शिव्या घातल्या, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग उठता उठता, दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "भावजी, ते पान देता का?"

मी म्हणालो, "आज नाही वहिनी. पुढच्या रविवारी बघू."

"बरं, येते मग," त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.