कारणाचा रकाना

कॉलेजच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना मुलं पाठीमागे टाचणीबाई म्हणत. त्यांच्या बाहीच्या काठाला आठ-दहा टाचण्या ओळीनं खोचलेल्या असायच्या, म्हणून. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्राचार्यांना मुलांनी जे नाव ठेवलं होतं ते चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं. त्या मानानं टाचणी म्हणजे मानपत्रच. बाई नाकासमोर चालणाऱ्या. नवऱ्याशी भांडण झालं तरी डबा वेळेवर भरायच्या आणि प्राचार्यांशी झालं तरी फायली वेळेवर लावायच्या.

नोटीसबोर्ड हे त्यांचं राज्य. त्यावर दर महिन्याला गैरहजेरी माफीची यादी लागायची. नाव, वर्ग, तारखा आणि शेवटी कारण. कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून ती आठ दिवस सगळ्यांना दिसली पाहिजे, असा नियम. आता मुलांची कारणं म्हणजे काय? कुणाचं आजारपण, कुणाच्या आईबापांचा घटस्फोट, कुणाची कोर्टातली तारीख. चव्हाट्यावर मांडायच्या गोष्टी नव्हेत. पण नियम करणाऱ्यांना कधी कुणी यादीत टाकलेलं नसतं. म्हणून बाईंच्या आधीच्या म्हाताऱ्या क्लार्कनं आपल्यापुरती एक सोय काढली होती. कारणाचा रकाना मागे दुमडायचा आणि दुमडलेल्या कडेवर टाचण्या मारायच्या. नियमही पाळला, झाकायचं तेही झाकलं. बाईंनी हेच सव्वीस वर्षं केलं. ही घडी कुठल्याही परिपत्रकात नव्हती. ती बाईंच्या हातात होती.

त्या महिन्यात भिंतीला गिलावा करायचा म्हणून बोर्ड उतरवला होता. प्राचार्य घाईत जिना उतरता उतरता म्हणाले, “बाई, यादी मुलांच्या ग्रुपवर टाका. बोर्ड कधी लागेल देव जाणे.”

बाईंनी फाइलला लावायची प्रत छापली, सवयीनं रकाना दुमडला, नखानं घडी दाबली. मग कॉम्प्युटरवरची तीच यादी ग्रुपवर पाठवली. समोरच्या कागदावर कारण दिसत नव्हतं, म्हणून ते तिथेही दिसत नसणार, असं त्यांच्या हातांनी परस्पर धरून चाललं. डोक्याला कुणी विचारलंच नाही. अकरा मिनिटांनी एका प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी यादी काढून टाकली. ग्रुपवर चारशे तीस मुलं होती.

यादीत एकतीस नावं होती. काविळीला कुणी हसलं नाही, निखळलेल्या खांद्यालाही नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीपुढे लिहिलं होतं, ‘मनोरुग्णालयात उपचार, एकोणीस दिवस.’ डॉक्टरांच्या दाखल्यावर होतं तसंच बाईंनी टाइप केलं होतं. संध्याकाळपर्यंत तेवढ्याच ओळीचा फोटो फोनाफोनांतून फिरत होता, खाली विनोद जोडून.

गुरुवारी ती मुलगी ऑफिसच्या खिडकीशी आली. चार वाजून गेले होते.

“बाई, माझं नाव काढता येईल का?”

“काढलं गं. त्याच दिवशी काढलं.”

“तिथलं नाही. सगळ्यांच्या फोनमधलं.”

बाईंनी मान वर केली नाही. खरं सांगायचं तर लाजेनं केली नाही, आणि त्याहून खरं सांगायचं तर भीतीनं. तक्रार लेखी आली असती तर तिच्यात बाईंचं नाव आलं असतं. दोन दिवसांत पोरं विसरतील, प्रकरण थंड होईल, असा त्यांचा हिशोब होता.

“तक्रारीला लेखी अर्ज लागतो,” त्या म्हणाल्या. “आता खिडकी बंद झालीय. सोमवारी ये.”

“बरं,” मुलगी म्हणाली आणि गेली. शनिवारी दुपारी तिनं आपला जीव संपवला.

मग कायदा आला. पोलिस अधिकारी दोनदा येऊन गेले. माणूस तसा सभ्य होता. म्हणाले, “मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे हेतू दिसत नाही. फोटो पुढे पाठवणारी पोरं शंभरावर आहेत, त्यांतल्या कुणाकुणाला धरू?” कॉलेजनं चौकशी समिती नेमली. समितीसमोर जायच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत कॉलेजच्या वकिलांनी बाईंपुढे टाइप केलेला जबाब ठेवला. चौथा मुद्दा होता, ‘घटनेनंतर विद्यार्थिनीने कार्यालयाशी संपर्क साधला नाही.’

“ती आली होती,” बाई म्हणाल्या.

वकील हसले नाहीत की रागावले नाहीत. “लेखी अर्ज आला का बाई?”

“नाही.”

“आवक वहीत नोंद?”

“नाही.”

“मग कार्यालयाशी संपर्क झालाच नाही. ती तुमच्याशी बोलली, ते वेगळं. यात खोटं काही नाही. उलट ती आली होती म्हटलंत, तर कळूनही काही केलं नाही असा अर्थ होतो. मग चूक राहत नाही, हलगर्जीपणा होतो. तो कुणाच्या गळ्यात पडेल, तुम्हीच बघा.”

यादी ग्रुपवर टाका म्हणणारे प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. वळून म्हणाले, “तुमची मुलगीही इथेच आहे ना बाई? शेवटचं वर्ष ना तिचं?” एवढंच म्हणाले. काळजीनं विचारावं तसं विचारलं, म्हणून तर जास्त राग यावा. बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी समितीनं चार प्रश्न विचारले त्यांनाही त्या जबाबातलीच उत्तरं दिली.

त्या संध्याकाळी घरी बाईंची मुलगी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. “आई, तो फोटो माझ्याकडेपण आला होता.”

“मग?”

“मी हसले होते. एक हसरा चेहरा टाकला आणि पुढे पाठवला.” ती रडायला लागली. “ती कुणाशीच बोलली नाही का गं? तुझ्याकडे आली नव्हती?”

पोरीनं आपलं पाप उघड करून समोर ठेवलं होतं. आईला तेवढंही जमलं नाही. “नाही गं,” बाई म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं. जवळ घेताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

समितीचा अहवाल दीड पानाचा होता. तांत्रिक चूक, विद्यार्थिनीने कुणाशीही संपर्क साधला नाही, व्यक्तिशः कोणीही जबाबदार नाही, यापुढे यादीत कारणाचा रकाना असू नये. सव्वीस वर्षांपूर्वी एका ओळीत करता आलं असतं ते एका मुलीच्या जिवावर झालं. प्राचार्य म्हणाले, “सुटलात बाई.” घरी नवराही म्हणाला, “कायद्यानं सुटलीस ना? मग कशाला जिवाला लावून घेतेस?”

सुटलात! बाईंना साधा मेमोसुद्धा मिळाला नाही. मिळाला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं, बढती अडकली असती, चार लोकांनी नावं ठेवली असती आणि कधीतरी ते संपलं असतं. दोषच ठेवला नाही, तर तो फेडायचा कुठे? सकाळी त्या खिडकी उघडायच्या, चारला बंद करायच्या, आणि मधल्या वेळात काचेपलीकडे कुणीही उभं राहिलं की हातातलं काम टाकून आधी उठायच्या. कुणी टाचणी मागितली तर आख्खी डबी पुढे सरकवायच्या. बाहीला टाचण्या लावणं त्यांनी सोडलं होतं.

महिनाअखेरीला गेलेल्या मुलीचे वडील तिची कागदपत्रं न्यायला आले. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करणारा माणूस. बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. त्यांनी प्रत्येक कागद डोळ्यांजवळ धरून तपासला, सही केली, आणि तरी जागचे हलेनात.

“अहवाल वाचला आम्ही,” ते म्हणाले. “तुमच्यावर राग नाही बाई. चूक कुणाकडूनही होते. हिची आई मात्र एकच ओळ धरून बसलीय. ती कुणाकडेच गेली नाही, कुणाला काही बोललीच नाही. मग कुणाला कळणार, कोण काय करणार? तेवढ्या एका ओळीवर ती झोपते हो.”

बाईंना वाटलं, आता गप्प बसण्यातच पुण्य आहे. तोंड उघडलं तर एका आईची झोप जाईल. किती सोयीचं! वकिलानंसुद्धा याहून चांगलं कारण शोधून दिलं नसतं. आणि हे कारण आपल्याला किती आवडलं, हे लक्षात आल्यावरच त्यांना ते धरून ठेवता येईना.

“ती आली होती,” बाई म्हणाल्या. “गुरुवारी. माझ्याकडेच.”

वडिलांनी हातातले कागद खिडकीच्या फळीवर ठेवले. मागे उभी असलेली एक मुलगी कंटाळून निघून गेली.

“हे मी घरी सांगू का नको?” त्यांनी शेवटी विचारलं. आवाजात राग नव्हता. “तुम्हीच सांगा बाई. मला नाही ठरवता येत.”

बाईंनी प्राचार्यांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग पर्स घेतली, बाजूच्या दारानं बाहेर आल्या. “चला,” त्या म्हणाल्या. “मीच सांगते. आणि मग तुम्ही म्हणाल तिथे लिहूनही देते.”

पंधरा मिनिटांची वाट दोघं चालत गेले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते मुलीच्या आईनंच. मुलीचेच डोळे.

“ह्या कॉलेजच्या ऑफिसातल्या,” वडील म्हणाले. “आपली पोर ह्यांच्याकडे गेली होती गं. गुरुवारी.”

आई दारातून बाजूला झाली नाही. एका हातानं चौकट धरून ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी आलं ते दुःख नव्हतं. लेकीची एक नवीन बातमी ऐकायला मिळणार होती, त्याची अधाशी उत्सुकता होती, आणि ती पाहणं बाईंना सगळ्यांत जड गेलं.

“गेली होती? काय म्हणाली?”

बाईंनी ते सांगितलं.

“मग?” आईनं विचारलं. “तुम्ही काय म्हणालात तिला?”

बाईंनी तेही सांगितलं, एकही शब्द न बदलता.