काकांनी पाणी तोडलेली बाग

सौंसरला जायचं असेल तर नागपूरहून सरळ बस धरा. मी मात्र पॅसेंजरने पांढुर्ण्याला उतरलो आणि तिथून बसने, न कळवता, मागच्या बाजूने पोचलो. छापा घालायचा होता ना!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, डिसेंबरातली. मावशीचे यजमान वारले आणि त्यांची सौंसरजवळच्या बोरगावची संत्र्याची बाग तिच्या नावावर आली. मावशी जन्मभर पुण्यात राहिलेली. बाग बघायचे तिचे धाकटे दीर, वासुदेवकाका. दरवर्षी न चुकता ते संत्र्यांची करंडी पाठवत. "भाऊजींकडेच राहू द्यावी की विकावी? तू बघून ये, मग मी ठरवते," मावशी म्हणाली. मी तेव्हा फारसी शिकत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. इतकं गोड वागणारा माणूस आतून कसा असेल, हीच शंका मनात.

पांढुर्ण्याला स्टेशनाबाहेर रुपयात तर्रीपोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे, मिळाले. काय तिखट! डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा तर्री मागून घेतली. बसमध्ये शेजारचे शेतकरी म्हणाले, "औंदा आंबिया बहार चांगला धरू." मी लगेच वही काढली. बहार म्हणजे फारसीत वसंत ऋतू, आणि आपला 'वसंत' त्याचा लांबचा चुलतभाऊ. हिंदी-उर्दूत बहार तसाच आला. तुर्कीत वसंतही आणि मसालाही. अरबीतला मसाल्याचा बहार म्हणे वेगळ्याच कुळातला. मराठीत आपला बहर. आणि इथे आंब्याला मोहर येतो तेव्हा संत्र्याला येणारा फुलोरा तो आंबिया बहार. पान भरलं, मी खूश.

बागेत पाय ठेवला आणि थबकलो. पानं मलूल होऊन वळलेली, खाली पिवळा सडा, जमिनीला भेगा. विहीर मात्र तुडुंब! पंपावर पोतं झाकलेलं.

"काका, पाणी का नाही दिलं?"

"बंद केलं, पाव्हणे. झाडाले ताण देऊन राहिलो. पान गळलं का मंग पाणी सोडाचं, तवा बहार फुटते. तुमी काहून घाबरता?"

तहानेने मेलेलं झाड फुलणार! मला काय लहान पोर समजले? तण काढणाऱ्या सुमनबाई मान वर करून म्हणाल्या, "सारेच करतेत जी असं." यांच्याच मजूर, यांचंच बोलणार. बाग वाळवायची, भाव पाडायचा आणि वहिनीकडून स्वस्तात घ्यायची, असा सगळा डाव मी मनात मांडून टाकला. दुसऱ्या दिवशी काकांनी हौसेने जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि मी डोळे उघडे ठेवून त्यांच्यावर पाळत ठेवली. निघताना काकूंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. तोही मी संशयानेच खाल्ला.

पुण्यात येऊन मावशीला सांगितलं, विहीर भरलेली आहे आणि झाडं मरताहेत. महिन्याभरात तिने बाग नागपूरच्या एका व्यापाऱ्याला विकली. काकांनी ना-हरकतीची सही करून कागद पाठवले. एक शब्द उलटा लिहिला नाही.

फेब्रुवारीत त्यांचं पाकीट आलं. आत सुकलेली डहाळी होती, पांढऱ्या फुलांनी गच्च. अजून वास येत होता. सोबत दोन ओळी: "वहिनी, नव्या मालकांनी ताण मोडून पाणी सोडलं. बहार फुटला. दादाची झाडं आहेत, म्हणून डहाळी तुम्हाला पाठवली."

मावशीने डहाळी हातात घेतली. मग म्हणाली, "हे ताणाचं त्यांनी तुला सांगितलं होतं का रे?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

खोटं वाटलं म्हणून, असं म्हणायचं होतं. मी पाकिटावरचा पत्ताच वाचत राहिलो.

ती वही अजून माझ्याकडे आहे. बहारचे सगळे अर्थ तिच्यात आहेत, ताण हा शब्द मात्र मी उतरवूनच घेतला नव्हता. पुढच्या वर्षापासून करंडी यायची थांबली. संत्री आम्ही मंडईतून आणतो. मावशी सोलून सगळ्यांना देते, स्वतः खात नाही.