एक नंबरची कॅसेट अन् लेकीची सोयरीक

मी चौथीत शाळा सोडली अन् त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं. त्या कंपनीच्या साऱ्या कॅसेटा माझ्याजवळ होत्या, फक्त एक नंबरची नव्हती.

कंपनी म्हणजे एकच माणूस. आदिलाबादजवळ मावल्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत दोन टेप तारेनं जोडून ठेवलेले. एकावर वाजायचं, दुसऱ्यावर भरायचं. शहरातल्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नसत, त्यांचंच हा भरायचा. गावोगाव दंडार नाचणारे, लग्नातले डफडेवाले, अन् सगळ्यात जास्त जिनिंगातली पोरं. ही पोरं दिवसभर कापसाच्या गाठी ओढायची अन् काम सुटलं की तेलाचा रिकामा पिपा बडवत ओरडायची. बस वेळेवर येत नाही म्हणून ओरडायची, काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यावर ओरडायची, तहसीलातल्या बाबूवर ओरडायची. मराठीत सुरू करायची अन् तेलुगूत शिवी देऊन संपवायची. आमच्या गावचे भजनवाले म्हणायचे, हे काय गाणं हाये? मी म्हणायचो, तुमच्या भजनात बसचं नाव तरी येते का?

टेपवाल्याचा एक कायदा होता. दुसऱ्यांदा भरायचं नाही. गाणारा चुकला तर चुकला, खोकला आला तर खोकल्यासकट. साध्या कागदाचं वेष्टन, त्यावर लाल शाईचा नंबराचा शिक्का. थोड्याच काढायचा. इंद्रवेल्लीच्या बाजारात मिरच्यावाल्यांच्या बाजूला पोतं अंथरून विकायचा अन् मूळच्या टेपवर पुढचं भरून टाकायचा. म्हणजे जी संपली ती संपली.

"एक नंबरची पुन्ना काढा ना," मी त्याला म्हटलं होतं.

"काऊन?"

"माझ्याजवळ नाही."

"तवा काऊन नाही घेतली?"

"तवा मी तुमाले ओळखत नोतो."

"मंग मी काय करू, घरोघर इचारत फिरू का, बापा, तू मले ओळखते का?"

असा माणूस. मला त्याचा राग यायचा अन् त्याच्यासारखा दुसरा कोणी आवडायचाही नाही.

एक नंबरची ज्यांनी ऐकली होती ते सांगायचे, त्यात मधातच पिपा वाजवणाऱ्याची काडी तुटते. कडकन आवाज येतो. पण तो थांबत नाही, नुसत्या हातानं बडवत राहतो अन् पोरं अजून जोरात ओरडतात. ते ऐकायला माझे कान आसुसले होते. एकानं तिच्यावरून दुसऱ्या कॅसेटवर भरून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. लाल शिक्क्याची पाहिजे, नाही तर नाही. आमच्या खानदानात अर्धवट काम कोणी केलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. पोरगी लग्नाला आली. माझ्या साळ्यानं बेज्जूरकडचं स्थळ आणलं. घरी शेती, पोरगा किराणा दुकान सांभाळतो. ते लोक पोरगी पाहून गेले, पसंत पडली. आता आम्ही त्यांचं घर पाहायला जायचं होतं. आसिफाबादला गाडी बदलून मी अन् साळा बेज्जूरला पोचलो. घर चांगलं, गाईचा गोठा साफ, पोरगा मान खाली घालून बोलणारा. पोराचा बाप माझ्याच वयाचा, दंडानं जाडजूड. चहा आला अन् त्यानं आमच्या करमणुकीला म्हणून टेप लावला.

पहिलाच ठोका ऐकला अन् मी कप खाली ठेवला. जिनिंगातल्या पोरांचेच आवाज होते, पण हे गाणं माझ्या कॅसेटांच्या पेटीत नव्हतं. थोड्या वेळानं कडकन आवाज आला. काडी तुटली. मग नुसत्या हाताचे धपाधप आवाज.

"पाव्हणे, हे कॅसेट पाहू द्या बरं," मी म्हटलं.

वेष्टन कळकट झालेलं, पण लाल शिक्का होता. एक.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. बाप लेकीच्या सासरची वस्तू घेत नाही. माझ्या आज्यानं घेतली नाही, बापानं घेतली नाही. लेकीच्या घरी द्यायचं असतं, तिथून आणायचं नसतं. म्हणजे एकदा सुपारी फुटून सोयरीक पक्की झाली की ही कॅसेट माझ्यासाठी मेली. मागायची तर आत्ताच.

"मले देता का हे?" मी म्हटलं. "सांगान ते देतो."

साळ्यानं माझ्या पायावर पाय दिला. पोराचा बाप हसला, पण त्यानं कॅसेट माझ्या हातातून काढून घेतली.

"पाव्हणे, पोरगा मागा, देतो. हे नोका मागू."

"काऊन?"

"नाही म्हटलं ना."

मी उठलो. सुपारीचं ताट समोर होतं. "कळवतो," म्हटलं अन् निघालो. गाडीत साळा आसिफाबादपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत बसला. मग म्हणे, "भाऊजी, तुमी पोरगा पाहाले आलते का बाजार कराले?"

घरी आल्यावर मी कोणाला काही सांगितलं नाही. मनात एकच चाललं होतं, अजून एकदा जायचं, बदल्यात चांगलं काही न्यायचं, कॅसेट घ्यायची अन् मगच हो म्हणायचं. पण घरातल्यांना वाटलं मला पोरगा नापसंत आहे. बेज्जूरहून निरोप आला की दुसरे लोकही पोरगा पाहून राह्यले, काय ते लवकर सांगा. मी गप्पच.

शेवटी पोरगीच समोर उभी राहिली. ती कधी उलटून बोलणारी नव्हती.

"बाबा, पोरात काय खोट हाये?"

"काई नाही."

"घरात?"

"घरबी चांगलं हाये."

"मंग?"

मी सांगून टाकलं. ती पाहतच राहिली. "म्हणजे कॅसेटीपायी माझं लगन अडकून हाये?"

आतून तिच्या मायचा आवाज आला. "त्याहिले म्हण, त्या पेटीलेच हयद लावा अन् नांदवा घरात! पोरीले कायले, पेटीलेच नवरा पाहा!"

"तुले पसंत हाये का पोरगा?" मी पोरीला विचारलं.

ती पदराचं टोक पिळत आत गेली. तेवढं मला कळतं, मी शिकलेला नसलो तरी.

दुसऱ्या दिवशी बायकोला म्हटलं, जातो, पण माझ्या पद्धतीनं जातो. पिशवीत दुबार आलेल्या कॅसेटा घेतल्या, घरचं तूप घेतलं, नवा सेलचा टॉर्च घेतला. बेज्जूरला पोराचा बाप गोठ्यातच भेटला. मी साऱ्या वस्तू बाजेवर मांडल्या.

त्यानं तिकडे पाहिलंही नाही. म्हणे, "तुमाले त्या कॅसेटीत एवढं काय दिसते?"

"दिसत नाही, ऐकू येते," मी म्हटलं. "त्यात पिपा वाजवणारा हाये ना, त्याची काडी तुटते अन् तो थांबत नाही. असा माणूस म्या दुसरा नाही ऐकला."

तो बराच वेळ गाईची पाठ खाजवत राहिला. मग त्यानं घराकडं पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून, अन् आपले दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले.

"तो मी हावो."

"काय?"

"आमची शेती तवा नोती. म्या आदिलाबादच्या जिनिंगात हमाली केली. मजुरीत त्या टेपवाल्यानं हेच कॅसेट देल्लं. अन् पाव्हण्यासमोर हमालीची गोष्ट कशी सांगू? तुमी पोरगी देल्ली नसती."

मी त्याच्या हातांकडे पाहत राहिलो. लय मोठे हात होते. इतकी वर्षं ज्याला शोधलं तो माणूस शेणाच्या टोपल्याजवळ उभा होता अन् माझ्या होकाराची वाट पाहत होता. हमालीची कसली लाज? मी तर त्याला टेपवाल्याच्या वरचा मानत होतो.

"सुपारी आना," मी म्हटलं.

"अन् कॅसेट?"

"आता तुमी देल्लं तरी घेत नाही. इवाई झालो आपुन."

तो म्हणे, तुम्ही हट्टी आहात. मी म्हटलं, आता कळलं का?

सुपारी फुटली. घरी जाऊन सांगितलं तेव्हा बायकोनं देवापुढं साखर ठेवली अन् ती माझ्याशी पुन्हा धड बोलायला लागली. पण मला चैन पडेना. माझी पेटी इकडे, एक नंबरची तिकडे. तिकडून इकडे काही येऊ शकत नाही. मग एक दिवस कापूस वेचता वेचता माझ्या ध्यानात आलं, इकडून तिकडे जायला कोणाची मनाई आहे?

लग्नात आंदणाची भांडी मांडली तर त्यात मी माझी पेटी नेऊन ठेवली. कुलपासकट, किल्लीसकट. बायकोनं कपाळावर हात मारला. पाहुणे म्हणाले, पेटीत दागिने असतील. इवायानं उघडून पाहिलं अन् तिथंच बसला. म्हणे, आमच्या जिनिंगातल्या पोराइच्या साऱ्या कॅसेटा? मी म्हटलं, साऱ्या. एक सोडून. ती तुमी टाका.

त्यानं आपल्या हातानं ती पहिल्या जागी ठेवली. कंपनी पुरी झाली. माझ्या घरी नाही, पण माझ्या पेटीत.

तेव्हापासून मला बेज्जूरला जायला निमित्त शोधावं लागत नाही. आमच्या रीतीप्रमाणे तिथं मी जेवत नाही, सोबत भाकर नेतो. इवाई म्हणतो, न्या ना घरी चार दिवस, कोणाले कळते? मी नेत नाही. ऐकणं म्हणजे घेणं नाही, हे मी माझं ठरवून टाकलं आहे अन् त्यावर कोणाशी वाद घालत नाही. आम्ही दोघं ओसरीवर बसतो, तो टेपसोबत खांबावर पंजा मारतो अन् काडी तुटण्याच्या आधी माझ्याकडे पाहतो.

मागच्या खेपेला मी आल्याबरोबर पेटीकडे वळलो तर पोरगी दारात आडवी आली, कमरेवर हात ठेवून.

"बाबा, पयले मले इचारा, कशी हावो म्हणून. मंग टेप."

"कशी हायेस माय?"

"मजेत हावो."

मग मी टेप लावला.